थेट मुलाखत : नऊ ओळींच्या जाहिरातीवर नार्वेहून भाष्य

भाष्याला आधी मूळ लागतं. इथलं मूळ म्हणजे संशोधन प्रकल्पातल्या एका लहानशा जागेची जाहिरात. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ, वास्कोचं ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, जुन्या गोव्यातली किनारी कृषी संशोधन संस्था अशा ठिकाणांहून अशा जाहिराती निघत असतात. पुढच्या नऊ ओळी त्यांतल्या कोणा एकीच्या नाहीत. सगळीकडे भेटणारी वाक्यं एकत्र करून, विषय तेवढा आपल्या नदीचा घेऊन मी त्या जुळवल्या आहेत. डोळ्यांसमोर आहे तो डिचोली तालुक्यातल्या नार्वेचा मुलगा किंवा मुलगी : सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पाचवीपासून इंग्रजी, साखळीच्या सरकारी महाविद्यालयात बी.एस्सी. आणि आता विद्यापीठात एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष.

१. मूळ : मांडवी खोऱ्यातील खारफुटी व खाजन जमिनींच्या मातीवरील प्रकल्पासाठी एका विद्यार्थी-सहाय्यकाची तात्पुरती जागा भरावयाची आहे.

या ओळीत वजन आहे ते ‘प्रकल्प’ या शब्दाला. प्रकल्पाला पैसे देणारं कोणी असतं, त्याला मुदत असते आणि मुदत संपली की प्रमुखाला अहवाल द्यावा लागतो. टेबलापलीकडची मंडळी दानधर्माला बसलेली नसतात. त्यांना ठरल्या वेळेत नमुने गोळा करून, मोजून, लिहून हवे असतात. एवढं ध्यानात आलं की ‘मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे’ या वाक्याची किंमत उमेदवाराला आपली आपणच कळते.

मग ‘खाजन’. खारफुटीची जागा बांध घालून खाडीकडून मिळवायची, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचं पाणी आवरायचं आणि कोरगुटासारखं खारेपण सोसणारं भात त्यात घ्यायचं, ही गोव्याची जुनी शेती. जुन्या गोव्याच्या कृषी संस्थेत कोरगुटावर निवड-पद्धतीने काम झालेलं आहे, हे उमेदवाराला ठाऊक असावं. पहिला प्रश्न इथेच येऊ शकतो : मानशीचं दार कोण उघडतं? पुस्तकी मुलगा ‘शेतकरी’ म्हणेल. ज्याने बांधावर उभं राहून पाहिलंय तो सांगेल की ओहोटीला आतलं पाणी दार बाहेर ढकलतं आणि भरतीला बाहेरचं पाणी तेच दार लोटून बंद करतं.

प्रकल्पप्रमुखाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून जावं, असा सल्ला सगळेच देतात. वाचून काय करायचं, ते सहसा सांगत नाहीत. ‘मॅडम, तुमचा निबंध फार आवडला’ हे सांगण्यासाठी ते वाचन नाही. इथे मायकेल फॅरडेची गोष्ट उपयोगी पडते. लंडनच्या एका बुकबाइंडरकडे शिकाऊ असलेल्या या पोराने १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली, त्यांची टिपणं आकृत्यांसह नीट लिहून काढली, स्वतःच बांधली आणि डेव्हीला पाठवली. डेव्हीने आधी ‘बांधणीचं कामच बरं’ असा सल्ला दिला. पण प्रयोगशाळेतल्या सहाय्यकाची उपकरणं बनवणाऱ्याशी मारामारी झाली, त्याला काढून टाकलं, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडे त्या जागेवर लागला. जागा हाणामारीने रिकामी झाली हे खरं, पण ती भरली गेली त्या टिपणांमुळे. हा मुलगा जे पाहतो ते जसंच्या तसं उतरवून काढतो, याचा पुरावा डेव्हीच्या टेबलावर आधीच येऊन पडला होता. निबंध वाचायचा तो असा : प्रमुखाने नमुने कुठून घेतले, किती घेतले, कोणत्या ऋतूत घेतले, आणि कोणता प्रश्न शेवटी मोकळा सोडला.

२. मूळ : पात्रता – सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र वा सागरविज्ञान यांतील पदव्युत्तर पदवी, अंतिम वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.

ही ओळ कोरडी म्हणून उमेदवार तिच्यावरून झरझर पुढे जातात. तिच्यात काय लिहिलेलं नाही, हे मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पार केलेल्या कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करतात आणि संचालक चंद्रशेखर वेंकट रामन नाही म्हणतात. कारण गुणांचं नव्हतं, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई तिथे जाऊन अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : वर्षभर उमेदवारी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम, आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षाअखेर रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर तिथे मुलींना वाट मिळाली. १९३६ मध्ये एम.एस्सी., पुढे केंब्रिज, तिथे वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सी वर काम आणि १९३९ मध्ये पीएच.डी. याच पुढे कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची ही बहीण.

ही कथा स्फूर्तीसाठी सांगण्याचा प्रघात आहे. मला तिच्यात दुसरं दिसतं. मुलाखतीच्या टेबलावर रामन यांच्यासारखा नोबेलविजेता माणूससुद्धा पूर्ण चुकला, आणि ती चूक दुरुस्त झाली ती वर्षभर रोज केलेल्या कामाने. अटी अन्यायाच्या होत्या, हे वेगळं सांगायला नको. पण त्या अटींखालीही काम बघितलं गेलं, आणि कामानेच निकाल फिरवला. मुलाखत म्हणजे त्या वर्षाचा अर्ध्या तासात काढलेला अंदाज. आजचं मंडळ तो अंदाज कसा बांधतं ते सातव्या ओळीत येईल.

पदवीचं नाव जाहिरातीशी अक्षरशः जुळत नसेल, उदाहरणार्थ जैवतंत्रज्ञान असेल, तर आधी कार्यालयात विचारून घ्यावं. मुलाखतीच्या दारात विचारू नये.

३. मूळ : इष्ट – प्रयोगशाळेतील कामाचा अनुभव व क्षेत्रकार्याची तयारी.

‘इष्ट’ म्हणजे आवश्यक नव्हे, असं समजून कोणी गाफील राहील. दहा जणांकडे आवश्यक ते असलं की निवड इष्टावरच होते.

अनुभव म्हणून बायोडेटात यंत्रांची नावं ओळीने लिहायची सवय आहे : ऑटोक्लेव्ह, लॅमिनार, स्पेक्ट्रोफोटोमीटर, अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन. प्रत्येक नावासोबत एक प्रश्न आपण स्वतःहून आमंत्रित करतो, हे लक्षात ठेवावं. ऑटोक्लेव्ह लिहिलंत, तर ‘१२१ अंशच का? जंतू दाबाने मरतात की उष्णतेने?’ हा सापळा ठेवलेलाच आहे. दाब जंतूंना मारत नाही. तो पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेतो, वाफ १०० च्या पुढे तापते आणि त्या दमट उष्णतेने बीजाणूही मरतात. मातीतल्या जंतूंची मोजणी केली असं लिहिलंत, तर ‘३० ते ३०० वसाहती असलेलीच थाळी का मोजायची?’ असा प्रश्न येईल. तीसच्या खाली एक-दोन वसाहती इकडेतिकडे झाल्या तरी अंदाज फार हलतो. तीनशेच्या वर त्या एकमेकींत मिसळतात आणि अन्नासाठी भांडतात. लोह मोजल्याचं लिहिलंत, तर बाटल्या आम्लाने धुतल्या होत्या का, कोरा नमुना धरला होता का, हे विचारतील. आणि काहीही लिहिलं नसेल तरी हा एक हिशेब कागदावर करायला लावतील : एक मोलर द्रावणापासून १०० मिली, १० मिलिमोलर बनवा. एक मिली घ्यायचं आणि शंभरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. साधा आहे, पण घशाला कोरड पडली की दशांश घसरतो. घरी बोलून बोलून तो करून जावा.

जे यंत्र दुसऱ्याने चालवताना नुसतं पाहिलं, त्याच्यापुढे ‘पाहिलं आहे’ असंच लिहावं. त्याने बायोडेटा बारीक होत नाही.

क्षेत्रकार्याची तयारी म्हणजे चिखल. खारफुटीच्या मुळांत गुडघाभर रुतून, भरती यायच्या आत नमुना काढून परत होडीत चढणं. नार्वेच्या मुलाला हे अवघड नाही, पण सांगायला तो लाजतो. लाजू नये. मंडळातल्या प्रत्येकाने कधी ना कधी होडीत चढायला नकार देणारा सहाय्यक पाहिलेला असतो.

४. मूळ : मानधन नियमानुसार.

नेट-गेटवाल्या कनिष्ठ संशोधन छात्राला केंद्राकडून १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडं मिळतं. आधी ३१,००० होते. विद्यार्थी-सहाय्यकाची जागा याहून पुष्कळ खालची असते आणि पैसे कधी कधी थकून एकदम येतात. ‘नियमानुसार म्हणजे किती, आणि महिन्याला मिळतात का?’ हे शेवटी शांतपणे विचारण्यात कसलाही उर्मटपणा नाही. फॅरडेलाही आठवड्याला २५ शिलिंग, माळ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या असं स्पष्ट ठरवूनच घेतलं होतं.

५. मूळ : उमेदवारांनी थेट मुलाखतीस सकाळी साडेनऊ वाजता हजर राहावे.

नार्वेहून दोनापावलला जायचं म्हणजे नार्वेची फेरी, दिवाडी बेट ओलांडणं, दिवाडीहून जुन्या गोव्याची फेरी, मग पणजीची बस आणि तिथून दोनापावलची. दोन फेऱ्यांमधली एक जरी पलीकडच्या काठाला असली तरी वेळ गेला. डिचोलीमार्गे रस्त्याने गेलं तर अंतर वाढतं, पण अवलंबून राहणं कमी होतं. पाऊस असेल तर रस्ताच बरा. अशा मुलाखतींना उमेदवार पुष्कळ येतात, साडेनऊला नावं घेतात आणि खुर्चीवर बसायची पाळी दुपारी येते. डबा न्यावा. याहून अधिक भाष्य या ओळीला नको.

६. मूळ : येताना मूळ प्रमाणपत्रे, बायोडेटा व प्रबंधाची प्रत आणावी.

तीन वस्तूंतली तिसरी निर्णायक. प्रबंध सहा महिन्यांपूर्वी बांधून दिलेला असतो आणि त्यानंतर तो कोणी उघडलेला नसतो, ज्याने लिहिला त्यानेही नाही. मंडळ तो मधूनच कुठेतरी उघडतं आणि एका आलेखावर बोट ठेवतं : या आडव्या अक्षावर काय आहे, ही उभी दांडी काय दाखवते, प्रत्येक नमुना किती वेळा मोजला? ‘सरांनी सांगितलं म्हणून तीनदा’ हे उत्तर वाईट आहे. ‘एकदाच मोजला, रसायन संपलं होतं’ हे त्याहून बरं. आपला प्रबंध परक्यासारखा वाचून, पानागणिक एक अडचणीचा प्रश्न पेन्सिलीने समासात लिहून जावं. शक्य असेल तर प्रयोगवहीही न्यावी. खाडाखोडीची, डाग पडलेली, तारखांची वही नीटनेटक्या प्रबंधाहून जास्त बोलते. तारखा मात्र खऱ्या असाव्यात. एका शाईत, एका बैठकीत लिहिलेली वर्षभराची वही ओळखायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

७. मूळ : निवड केवळ मुलाखतीतील गुणवत्तेवर होईल.

‘गुणवत्ता’ म्हणजे काय, हे जाहिरात सांगत नाही. पूर्वपक्ष म्हणतो, गुणवत्ता म्हणजे ज्ञान. ज्याला जास्त उत्तरं येतात तो निवडला जातो. हा पक्ष टिकत नाही. पुस्तकातलं ज्ञान गुणपत्रिकेत आधीच दिसतं, त्यासाठी चार माणसांनी सकाळ घालवायचं कारण नव्हतं.

सिद्धान्त पाहण्यासाठी जागेचं काम डोळ्यांपुढे आणावं. जूनमध्ये सहाय्यक होडीतून नार्वेजवळच्या खारफुटीत जातो. पाण्याचा नमुना भरतो, बाटलीवर वेळ, भरतीची स्थिती, खोली लिहितो. प्रमुख त्या वेळी ताळगावात वर्गावर असतात. समजा एक बाटली सांडली आणि त्याने दुसऱ्या ठिकाणाहून, दोन तासांनी भरून तीच वेळ लिहिली. कोणाला कळणार? कधीच कोणाला कळणार नाही, आणि तो आकडा एका निबंधात जाऊन बसेल. सहाय्यकाचा शब्द हाच प्रकल्पाचा डेटा असतो. म्हणून मंडळ उमेदवाराच्या सांगण्यावर किती भार टाकता येईल, हे चाचपून पाहत असतं. तो पाहिलेलं, ऐकलेलं आणि अंदाजलेलं वेगवेगळं ठेवतो का? कळत नाही तिथे थांबतो का? सगळे प्रश्न फिरून याच दिशेने जातात, अगदी ‘तुमच्या गावाबद्दल सांगा’ हासुद्धा.

तो प्रश्न येणारच. नार्वेचा मुलगा छाती फुगवून सांगतो : सप्तकोटेश्वर, कदंबांचं दैवत, दिवाडीवरचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, नार्वेच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. सगळं खरं. मंडळ ऐकून घेतं, मान डोलावतं आणि विचारतं, नदीबद्दल काय सांगाल? इथे ‘खाणींनी आमची नदी मारली’ असं तो बोलून जातो. तेही भावनेने खरं असेल. डिचोली तालुक्याने खनिज पाहिलं, मांडवीतून बार्जी जाताना पाहिल्या, २०१२ मध्ये खाणी थांबलेल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबलेल्या पाहिल्या. पण पुढचा प्रश्न धारदार आहे : पावसाळ्यात नदी लाल होते ती खाणीच्या गाळाने की जांभ्याच्या मातीने? जांभा तर खाण नसली तरी धुपतो. वेगळं कसं कराल?

चांगला उमेदवार इथे घाई करत नाही. तो म्हणतो, तुलनेला दुसरी नदी हवी. पेडण्याची शापोरा घेता येईल. मग स्वतःच थबकतो, कारण शापोरेच्या वर तिळारीचं धरण आहे, गाळ तिथेच अडत असणार, म्हणजे तुलना सरळ होत नाही. मग तो मांडवीच्याच उपनद्यांकडे वळतो, खाणीच्या वरच्या बाजूचे आणि खालच्या बाजूचे नमुने, एकाच दिवशी, भरतीची एकच स्थिती धरून. आणि खाणी चालू असतानाचे जुने आकडे कोणाकडे आहेत का, हे विचारतो. समुद्रविज्ञान संस्थेने २००७ मध्ये मांडवी-झुआरीच्या खाड्यांवर एक ग्रंथ काढला होता, तो ग्रंथालयात चाळलेला असेल तर इथे कामाला येतो. उत्तर पूर्ण झालं नाही तरी चालतं. त्याने स्वतःच्या उपायातली खोट स्वतः सांगितली, आणि मंडळ ऐकायला बसलं होतं ते नेमकं हेच.

हेच खारेपणाबाबत. ‘मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं’ हे निरीक्षण सोन्यासारखं आहे, पण त्याला ‘किती?’ जोडला की ते शास्त्रात बसतं. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार. पावसाळ्यात मांडवी वरून येणाऱ्या पाण्याने जवळजवळ गोडी होते, उन्हाळ्यात खारं पाणी नदीत खूप आतपर्यंत शिरतं. मग तुमच्या विहिरीत किती, कशाने मोजाल, महिन्यातून कितीदा? जिभेने सांगितलेलं खारेपण आणि रिफ्रॅक्टोमीटरने दाखवलेलं खारेपण यांच्यामधलं अंतर ज्याला कळतं, त्याला गावाची माहिती कामी येते. बाकीच्यांना ती गप्पांपुरती पुरते.

नार्वेच्या काठावरून दोन फेऱ्यांच्या अंतरावर, जुन्या गोव्यात, १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. तो सगळा प्रश्नोत्तरांत आहे : रुआनो नावाचा विद्वान पाहुणा विचारतो, ओर्ता सांगतो. जुन्या ग्रंथकारांनी काय म्हटलंय ते रुआनो पुन्हा पुन्हा पुढे करतो आणि ओर्ता इथे राहून डोळ्यांनी पाहिलेलं त्याच्यापुढे ठेवतो. गोव्यात छापलेली ही चांगली मुलाखतच आहे, फक्त तिच्यात उत्तर देणारा प्रश्न विचारणाऱ्याहून जास्त जाणतो. आपल्या उमेदवाराला ती सोय नाही, पण ‘मी पाहिलं’ आणि ‘मी वाचलं’ यांतला फरक त्याला मोफत उपलब्ध आहे.

‘तुमचं प्रेरणास्थान कोण?’ या प्रश्नाला गोव्यात हमखास उत्तर मिळतं : डॉ. माशेलकर. नदीपलीकडच्या माशेलात जन्मलेले, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झालेले. नाव घ्यायला काहीच हरकत नाही. पण घेतलंत तर पुढचा प्रश्न ‘त्यांनी कशावर काम केलं?’ असा असणार, आणि तेव्हा हळदीच्या पेटंटचा लढा एवढंच आठवलं तर बहुलक आणि त्यांचं प्रवाहशास्त्र राहून जातं. ज्याचं काम दोन वाक्यांत सांगता येईल, त्याचंच नाव घ्यावं. ती आपली एम.एस्सी.ची बाई असली तरी चालते.

भाषेचं थोडं. घरी कोंकणी, शाळेत मराठी, विद्यापीठात इंग्रजी, आणि मुलाखत इंग्रजीत. लांब वाक्यं पाठ करून गेलेला मुलगा मध्येच अडकतो, तिथून त्याला परतता येत नाही. छोटी वाक्यं करावीत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावं. एखादा शब्द अडला तर कोंकणीत किंवा मराठीत बोलून टाकावा. मंडळात कोणी ना कोणी गोंयकार असतो, आणि ‘मानस’ला इंग्रजी शब्द शोधत बसण्यापेक्षा मानसच म्हटलेलं बरं. ‘माहीत नाही’ हे उत्तर लाजेने पुटपुटू नये. ‘हे मला माहीत नाही, पण शोधायचं झालं तर अमुक मोजून पाहीन’ असं दोन तुकड्यांत द्यावं. दुसरा तुकडा मात्र ओढूनताणून आणू नये. काही वेळा ‘माहीत नाही’ एवढंच पुरतं.

८. मूळ : प्रवासखर्च दिला जाणार नाही.

फेरीत पायी प्रवास करणाऱ्याचा खर्च तसाही थोडा. पुण्याहून किंवा हैदराबादहून येणाऱ्या उमेदवाराने मात्र ही ओळ नीट वाचावी आणि मुलाखत ऑनलाइन घेता येईल का, असं कार्यालयाला विचारून पाहावं.

९. मूळ : कोणत्याही प्रकारे वजन आणल्यास उमेदवार अपात्र ठरेल.

गोवा लहान आहे. मामाचा वर्गमित्र, वाड्यावरचा पंच, मंदिराच्या समितीवरचे काका, यांतला एक तरी त्या संस्थेत कोणाला ओळखत असतो आणि ‘एक फोन टाकूं?’ असं प्रेमाने विचारतो. ‘टाकूं नाका’ असं तितक्याच प्रेमाने सांगावं. फोन करणाऱ्याने उमेदवाराला कधी पिपेट धरताना पाहिलेलं नसतं. फोन झाला तर मंडळासमोर जे जाईल ते उमेदवाराच्या कामाविषयी काहीच सांगत नाही, आणि या ओळीने तो बादही होऊ शकतो.

शिफारसपत्र ही वेगळी गोष्ट. ज्या बाईंनी किंवा सरांनी प्रबंधाच्या वेळी शेजारी उभं राहून काम पाहिलं, त्यांच्याकडून ते आधी पुरेसा वेळ ठेवून मागावं, सोबत ही जाहिरात आणि आपल्या प्रबंधाचं एक पान द्यावं. त्यांना आठवेल असा प्रसंगही सांगावा : तेव्हा ऑटोक्लेव्हची शिट्टी बिघडली होती आणि मी सगळं माध्यम पुन्हा केलं होतं, ते. मग त्या पत्रात ‘हुशार व मेहनती’ या शब्दांऐवजी ते माध्यम येतं, आणि मुलाखतीत मंडळ त्या माध्यमाबद्दलच विचारतं.